सीट मऊ हवी की मापाची?

सायकलच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक रंग बघतं, गिअर मोजतं, ब्रेक दाबतं आणि शेवटी सीटवर अंगठा रोवतं. अंगठा आत गेला तर सीट चांगली. नाही गेला तर, ‘यावर जेलचं कव्हर टाकून द्या.’ नांदेडच्या वजिराबादेत हेच, लातूरच्या गंजगोलाईत हेच. ज्या भागाने तासन् तास बसायचं, त्याला कुणी विचारत नाही.

अंगठ्याची ही परीक्षा फसवी आहे, एवढ्या मुद्द्यावर माझे मामा आणि माझी ताई यांचं एकमत आहे. त्यापुढे सगळा वाद. मामा नांदेडचे. लोहा-कंधार भागातल्या शाळांवर मास्तरकी करून निवृत्त झाले आणि बदली कुठेही झाली तरी त्यांची काळी ॲटलस बरोबर गेली. ताई लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. सुट्टीच्या दिवशी ती लांब पल्ल्याची सायकल चालवते. मला गिअरच्या सायकलवरून नांदेड ते लातूर जायचं आहे. रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा, आणि लोहा यायच्या आतच बूड बोलायला लागतं. दिवाळीत दोघं एकाच ओसरीवर सापडले तेव्हा मी विषय काढला. ते बोलणं इथे लिहून काढतोय, कारण सीटविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोललंच जात नाही. जो भाग दुखतो त्याचं नाव घ्यायला संकोच वाटतो, म्हणून दुखणं तसंच राहतं आणि सायकल भिंतीला टेकते ती कायमची.

मामा : तुझं दुखणं सीटचं नाही रे, सवयीचं आहे. आठवड्यातून एकदा लांब जातोस आणि बाकीचे सहा दिवस ऑफिसच्या खुर्चीत बसतोस. मग बैठक तयार व्हायची कधी? आधी रोज दहा किलोमीटर चालव, मग सीटला नावं ठेव.

ताई : यातलं अर्धं मला मान्य आहे, मामा. पहिले दोन-तीन आठवडे जे दुखतं ते हाडांवरचं मांस दुखतं, आणि रोज थोडं थोडं चालवलं की ते थांबतं. पण याला आधी विचारा तरी, नेमकं कुठे दुखतंय म्हणून.

मामा : कुठे म्हणजे? बसतो तिथे!

ताई : माणूस बसतो ते दोन हाडांवर. माकडहाडाच्या दोन बाजूंना, जरा खाली, एकेक गोल टोक असतं. कडक बाकावर बसून कुल्ल्याखाली हात घातला की ती टोकं हाताला लागतात. बसल्यावर अंगाचं वजन पेलायचं काम त्यांचंच. तिथे दुखलं तर थोडं दुखू दे. पण त्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत प्युडेंडल नावाच्या नसेच्या फांद्या आहेत, रक्तवाहिन्या आहेत. तिथे दाब आला की बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. मुंग्या येतात, नाहीतर ती जागा बधिर होते. उतरून चार पावलं चाललं की बरं वाटतं, म्हणून माणूस ते सोडून देतो. सरावाने अंगात मुरवायची ही गोष्ट नव्हे.

मामा : बधिर-बिधिर आमच्या वेळी काही नव्हतं गं. कंधारहून बारूळला जायचो. डबा कॅरिअरला, वह्यांचा गठ्ठा हँडलला. उन्हात जायचो, पावसात जायचो. कधी सीटचा विचार मनात आला नाही.

ताई : तुम्ही चालवली ती सायकलच वेगळी, मामा. ॲटलसवर तुम्ही कसे बसता? ताठ. हँडल वर, पाठ सरळ, नजर समोर. सगळं वजन त्या दोन हाडांवर. आणि सीट मागे एवढी रुंद की दोन्ही हाडं तिच्यावर नीट मावतात, खाली जाड स्प्रिंगा. आता याची सायकल बघा. हँडल खाली, पाठ पुढे झुकलेली. पाठीबरोबर कंबरही पुढे कलते आणि वजन हाडांवरून पुढे सरकतं, मऊ जागेकडे. पण त्याच वेळी थोडं वजन हातांवर जातं, थोडं पायांवर. म्हणून अशा सायकलची सीट अरुंद असते. तुमची रुंद सीट याच्या सायकलला लावली तर मांड्या सोलून निघतील. याची सीट तुमच्या ॲटलसला लावली तर तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाणार नाही.

मामा : म्हणजे माझी सीट वाईट नाही तर?

ताई : तुमच्या पाठीसाठी उत्तम आहे.

सीटविषयी जेवढं म्हणून भांडण होतं, त्यातलं निम्मं इथेच मिटायला हवं असं मला वाटतं. ‘चांगली सीट कुठली?’ या प्रश्नाला उत्तर नाही. तुम्ही किती वाकून बसता हे आधी सांगा, मग उत्तर आहे. बाजारात भाजी आणायला जाणारा, दुधाचे कॅन लावून जाणारा, लातूरच्या ट्यूशन एरियात पाठीला दप्तर लावून एका क्लासहून दुसऱ्या क्लासला जाणारा मुलगा, ही सगळी ताठ बसणारी माणसं. त्यांना रुंद सीट हवी, स्प्रिंग हवी. शंभर किलोमीटरच्या बाता करणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळी सीट लागते. मोठ्या शहरातल्या सायकलस्वाराकडे बघून दूधवाल्याने अरुंद सीट घेऊ नये आणि दूधवाल्याकडे बघून मी रुंद घेऊ नये.

मामांनी मग चामड्याच्या सीटचा विषय काढला.

मामा : माझ्या वडिलांच्या रॅलेला इंग्लंडची चामड्याची सीट होती. ब्रुक्सची. पहिले सहा महिने ती सीट माणसाला छळते आणि मग जन्मभर सांभाळते, असं ते म्हणायचे. त्या चामड्यावर त्यांच्या बैठकीचे दोन खळगे उमटले होते. मी बसलो तर मला टोचायची. त्यांना नाही.

ब्रुक्स हे बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं नाव. जॉन बोल्टबी ब्रुक्स याने १८६६ मध्ये चामड्याच्या सामानाचा धंदा सुरू केला. त्याचा घोडा मेला, म्हणून त्याने उसनी सायकल घेतली, तिची बैठक सोसवेना, म्हणून स्वतः चामड्याची सीट करायला घेतली आणि १८८२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, अशी हकीकत ती कंपनी सांगते. लोखंडी सांगाड्यावर पुढून-मागून ताणून बसवलेलं जाड चामडं, खाली गादी नाही, फोम नाही, आणि चामडं सैल पडलं तर ताणायला पुढे एक बोल्ट. दीडशे वर्षं होत आली, रचना जवळपास तीच आहे. लांबच्या प्रवासाला निघणारी कितीतरी माणसं आजही तीच सीट घेतात.

ताई : आजोबांच्या सीटचं हेच तर मर्म आहे. ती मऊ नव्हती, पण त्यांच्या हाडांच्या मापाची झाली होती.

मामा : झाली होती! सोसलं म्हणून झाली. आज सोसायची कुणाची तयारी आहे? माळेगावच्या यात्रेला ये एकदा माझ्यासोबत. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार बघण्यासारखा असतो. जाणता माणूस घोड्याच्या पाठीवरून आधी हात फिरवतो, खोगीर मागून बघतो. खोगीर पाठीला बसलं नाही तर पाठ सोलते, मग तो घोडा कामाचा राहत नाही.

ताई : म्हणजे घोड्याची पाठ आधी बघायची आणि माणसाचं बूड बघायचं नाही? मामा, मीसुद्धा एवढंच सांगायलेय. आधी माप घ्या.

मामा हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “बरं. घे माप.”

माप घ्यायला काही लागत नाही. ताईने आतून टीव्हीचं रिकामं खोकं आणायला सांगितलं. त्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा ओसरीच्या पायरीवर ठेवला, मला त्यावर बसवलं, पाय जरा उंच ठेवायला लावले आणि सायकलवर वाकतो तेवढं पुढे वाकायला सांगितलं. मिनिटभराने उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खळगे. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावायची. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतं. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची मागची रुंदी किती हवी ते कळतं. ताठ बसणाऱ्याने आणखी थोडी जास्त धरावी. अंगाने जाड माणसाची ही हाडं लांब असतात असं मुळीच नाही. किडकिडीत माणसाचं अंतर जास्त भरू शकतं आणि लठ्ठ माणसाचं कमी, त्यामुळे नजरेने अंदाज करता येत नाही. माझं अंतर मामांपेक्षा जास्त निघालं आणि माझ्या सायकलची सीट त्याच्या मानाने अरुंद. दोन्ही हाडं सीटच्या कडेवर टेकत होती आणि मधला सगळा भार नको त्या जागी येत होता.

मी : मग यावर जाड जेलचं कव्हर टाकलं तर?

ताई : तर आणखी बिघडेल. मऊ गादीत दोन हाडं खाली रुततात. हाडं खाली गेली की दोन्हींच्या मधला फोम वर उचलला जातो, तो मऊ जागेला दाबतो. दहा मिनिटं छान वाटतं, तासाभराने मुंग्या. शिवाय कव्हर सीटवर घट्ट बसत नाही, प्रत्येक पायडलला सरकतं, आणि घामात सरकलं की घासतं.

मामा : सगळी खोगीरभरती!

एवढ्या वेळात मामा पहिल्यांदा ताईच्या बाजूने बोलले. पण लगेच त्यांनी पैशाचा मुद्दा काढला, आणि तो त्यांनी सोडू नये असंच मला वाटत होतं.

मामा : आता तू सांगशील की अमक्या कंपनीची, मध्ये चीर असलेली, चार-पाच हजारांची सीट घे. माझ्या शाळेतल्या पोराची आख्खी सायकल तेवढ्याला यायची. साध्या सायकलची स्प्रिंगची सीट काही शे रुपयांत मिळते. गरिबाने काय करायचं?

ताई : गरिबाने आधी पाना घ्यायचा. माझ्याकडे सायकलमुळे दुखतंय म्हणून जे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नवी सीट लागत नाही. असलेली सीट वाकडी बसवलेली असते, किंवा खाली तरी. उंची, कल आणि मागे-पुढे. तीन गोष्टी आहेत, एक पैसा लागत नाही.

शेजारी घराचं काम चालू होतं. मामांनी गवंड्याची पाणसळ आणि ओळंबा मागून आणला. त्यानंतरचा तासभर वाद थांबला आणि काम झालं. ते काम सविस्तर सांगतो, कारण कुणालाही घरी करता येतं.

आधी उंची. सायकल भिंतीला धरून सीटवर बसायचं, एक पायडल अगदी खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायची. या स्थितीत गुडघा सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका वाक येतो, तेवढा हवाच. आपल्याकडे बहुतेक सीटा खाली असतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असं वाटतं. सीट खाली असली की पाय जोर लावू शकत नाहीत, सगळं वजन बुडावर येतं आणि गुडघेही धरतात. उलट सीट फार वर असली की पायडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि मांड्यांच्या आतली कातडी घासते. सीटच्या दांड्यावर, तो किमान किती आत राहायला हवा याची खूण असते, तिच्यावर दांडा काढायचा नाही, एवढं पाळायचं.

मग कल. सीटवर पाणसळ आडवी, पुढून मागे ठेवायची आणि बुडबुडा मध्ये आणायचा. सुरुवात सपाट सीटपासून. टोक वर असेल तर मऊ जागेवर दाब. टोक फार खाली असेल तर माणूस पुढे घसरतो, मग तळहात बधिर होतात आणि खांदे भरून येतात. बदल करायचा तो अगदी थोडा, बुडबुडा हलेल न हलेल एवढा, आणि दोन-चार दिवस चालवून मगच पुढचा. माझ्या सीटचं टोक वर होतं. डोळ्यांना दिसलं नव्हतं, पाणसळीने दाखवलं.

तिसरं, मागे-पुढे. दोन्ही पायडल आडवी, जमिनीला समांतर. पुढच्या गुडघ्याच्या वाटीपासून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसावर यावा. हा काही पक्का कायदा नव्हे, पण सुरुवातीला धरून चालायला पुरेसा आहे.

इथे मामांचा अनुभव कामाला आला. जुन्या पद्धतीच्या सायकलींत सीट ज्या चिमट्याने धरलेली असते, त्याला दाते असतात. दाते झिजले की सीट खड्ड्यात आपोआप मागे झुकते आणि टोक वर येतं, मग कितीही पाणसळ लावा. मामा म्हणाले, दोन्ही बाजूंचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, एका बाजूने नाही, आणि झिजलेला चिमटा बदलायचा. तो भाग अगदी स्वस्त मिळतो. दुसरं त्यांनी सांगितलं ते मी आता रोज करतो. खड्डा दिसला की बसून खायचा नाही, पायडलवर उभं राहायचं. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या काळ्या मातीतल्या रस्त्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. स्प्रिंग नसलेल्या सीटवर गुडघे हीच स्प्रिंग. ताईने त्यात एकच भर घातली. खड्डा नसला तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर उभं राहायचं, म्हणजे दबलेल्या जागेत रक्त पुन्हा फिरतं.

पाना खाली ठेवल्यावर मामा पुन्हा मूळपदावर आले.

मामा : तरी मी म्हणतो, माणसाची तयारी महत्त्वाची. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पुरी केली. सत्तर हजार किलोमीटरच्या वर! वाळवंटातून, जंगलातून. त्यांच्या सीटमध्ये कुठलं जेल होतं?

ताई : सहा निघाले, तिघांनी पुरी केली, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यांना माझा नमस्कार आहे. पण सोसणारा पोचला म्हणून सोसणं बरोबर ठरत नाही. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणाऱ्या शर्यतीत दोघांच्या गटातून उतरले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. सहनशक्ती त्यांच्याकडे कमी होती का? पण त्या पातळीवरचा कुणीही माणूस सीट, चड्डी, बसण्याची ठेवण यावर महिनोन् महिने काम केल्याशिवाय निघत नाही. ज्यांना खरोखर सोसायचं असतं ते टाळता येण्यासारखं दुखणं आधी टाळतात.

मामा : ते शर्यतवाले. रोजच्या माणसाचं सांग.

ताई : रोजच्या माणसाचंच सांगते. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणारे पोलीस असतात, त्यांची रोजची नोकरीच सायकलवर. कामाच्या जागचं आरोग्य बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, नायॉशने, ९० पोलिसांना सहा महिने पुढचं टोकच नसलेल्या सीटवर बसवलं. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. आधी, गेल्या सहा महिन्यांत बधिरपणा आला नाही असं सांगणारे २७ टक्के होते. नंतर ८२ टक्के झाले. आणि ९० पैकी फक्त तिघं जुन्या सीटकडे परत गेले. हे कुणी हौशी लोक नव्हते, मामा. पगारासाठी सायकल चालवणारी माणसं होती.

मामा : टोकच नाही? मग मांड्यांनी सायकल सांभाळायची कशी? वळणावर टोकच तर आधार देतं.

हे मामांचं म्हणणं खरं आहे आणि ताईनेही ते मान्य केलं. वळताना, उतारावर, एक हात सोडताना मांडी सीटच्या टोकाला टेकते आणि सायकल सरळ राहते. म्हणून टोक नसलेली सीट सगळ्यांना मानवत नाही. बहुतेकांना मध्ये खाच किंवा चीर असलेली, योग्य रुंदीची सीट पुरते. कपड्यांचं मात्र ताईने थोडक्यात सांगितलं. पॅड शिवलेली सायकलची चड्डी आत काही न घालता वापरायची, कारण आतल्या चड्डीची शिवणच घासते. लांब पल्ल्याला घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावायचं. आणि चड्डी एकदा वापरली की धुवायचीच, उन्हाळ्यात तर नक्की, नाहीतर पुळ्या येतात.

मग तिने जो मुद्दा काढला, त्यासाठीच हा लेख लिहावा असं मला वाटलं.

ताई : आपण तिघं इतका वेळ बोलतोय ते याच्या एका सफरीसाठी. पण नांदेड जिल्ह्यात सायकल खरी कोण चालवतं? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. चांगली योजना आहे. मुलगी शाळेत टिकते. पण सायकल घरी आली की तिची सीट कोण लावतं?

मामा : (थोडं थांबून) कुणी नाही. दुकानातून जशी येते तशी. आठवीतली पोर आणि बारावीतली पोर, दोघींची सीट एकाच उंचीला.

ताई : आणि दुखलं तर ती कुणाला सांगणार? बापाला सांगणार नाही, सरांना तर नाहीच. बाईच्या कमरेच्या हाडांची ठेवण रुंद, तिची ही दोन हाडं सरासरीने जास्त लांब. सीट अरुंद असली किंवा तिचं टोक वर असलं तर बरोबर नाजूक जागी दाब येतो, सूज येते, लघवीला जळजळ होते. पाळीच्या दिवसांत पॅड आणि सीट यांच्या मध्ये कातडी घासते ती वेगळीच. माझ्याकडे येणाऱ्या बायका कंबर दुखते म्हणतात, गुडघा दुखतो म्हणतात. सीट टोचते असं आपणहून एकही म्हणत नाही. विचारलं की मग डोळ्यांत पाणी येतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलवर जगाची फेरी करून आली, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर. मुलींना सायकल झेपत नाही असं म्हणायची सोय तिने ठेवलेली नाही. झेपत नाही ती वाकडी सीट.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “आमच्या शाळेत मुली सायकल हातात धरून चालत यायच्या काही दिवस. मला वाटायचं पंक्चर असेल.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. मीही इथे काही जोडत नाही.

वाद मात्र संपला नाही. मामा अजून म्हणतात की नवी सीट घेण्याआधी जुनीच नीट लावून महिनाभर चालव. ताई म्हणते, बधिरपणा येत असेल तर महिना थांबायचं नाही, त्याच आठवड्यात सीट बदलायची. माझा कौल असा आहे. पैशाच्या बाबतीत मामांचं ऐकावं आणि शरीराच्या बाबतीत ताईचं. आधी पाना, पाणसळ आणि पुठ्ठा. त्याने हाडांवरचं दुखणं हळूहळू गेलं तर खिशात हात घालू नये. मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ राहिली तर मापाची सीट घ्यावी, आणि ती अंगठ्याने नव्हे, निदान अर्धा तास बसून पारखावी. मी मध्ये खाच असलेली, पुठ्ठ्याच्या मापाची सीट लावली आहे. लातूरला जाणार आहे ते हिवाळ्यात. लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला, त्यामुळे पावसाळ्यात वारा थेट तोंडावर येतो. वाऱ्याविरुद्ध माणूस आणखी वाकतो आणि सीटच्या टोकावर सरकतो. शिवाय हा रस्ता गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटच्या पठारावर चढतो, आणि चढावरही तेच होतं.

दुकानदारांना एक विनंती. वेगवेगळ्या रुंदीच्या दोन-तीन सीटा दुकानात फक्त लावून बघायला ठेवा आणि गिऱ्हाइकाला आठवडाभर घेऊन जाऊ द्या. ज्याला सीट मानवते तो सायकल विकून टाकत नाही, पुन्हा तुमच्याकडेच येतो.

आणि शाळांतल्या सरांना, बाईंना, विशेषतः बाईंना. मुलींच्या सायकली येतील त्या आठवड्यात एक दिवस मैदानात पाना घेऊन उभ्या राहा. प्रत्येक मुलीला सायकलवर बसवा, टाच पायडलवर ठेवायला सांगा, तिच्या पायाच्या मापाने सीट वर-खाली करा, टोक सपाट करा आणि नट घट्ट आवळा. एका सायकलला पाच मिनिटं लागतात. वर्षभरात मुलगी उंच होते, म्हणून पुढच्या जूनमध्ये पुन्हा करा. आणि बाईंनी एकदा बाजूला घेऊन तिला विचारा, सीट कुठे टोचते का.